रहाटाची गाडी

मार्सेलनं गाडी स्वतःच्या हातानं केलेली, आणि ती किती भिकार झालीय हे मी त्याला तोंडावर सांगायचो. मी काळुराम, माजिवड्याचा सुतार. असली गाडी रोज माझ्या दारावरून जाणार म्हटल्यावर डोकं फिरणारच. दोन चाकं दोन ठिकाणची, त्यातलं एक बोटभर लहान. वर आंब्याच्या फळ्या ठोकलेल्या, ना कठडा ना काही. पुढे एकच बैल, आणि मागे ही लंगडत चाललीय. "अरे किरिस्तावा, गाडी केलीस का जेवायचा पाट केलास?" मी म्हणायचो. तो हसायचा. "चालते ना, काळुरामदादा?" रागावणं त्याला जमायचंच नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

डोंगराखालच्या खाणीतून तो ठाण्याच्या बंदरावर दगड न्यायचा. दगड गाडीत चढवायला दोन माणसं लागतात. त्याला भाऊबंद कुणी नाही, तेव्हा दुसरं माणूस म्हणजे बायको, रोझा. एका कडेला तो, दुसऱ्या कडेला ती. अंगानं काटकुळी, पण दगडाला मागे हटायची नाही. तिची दोन मुलं पोटातच गेली, एक चौथ्या महिन्यात आणि एक सहाव्या.

माझी बायको गोदा सुईण. किरिस्ताव असो, आगरी असो, आमच्या वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्याच हातात आलेलं. रोझाला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा गोदानं मार्सेलला अंगणात उभा करून झापला. "धोंडे उचलायला लावलंस तर हेही जाईल. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्याकडे आला. "दादा, मना एकट्याला दगड चढवता आला पायजे. रोझाचा हात लागायला नको. हे पोर जगायला पायजे."

मी आधी नाक मुरडलं. त्या लाकडांच्या ढिगाला हात लावायची माझी इच्छा नव्हती. पण मग मी ती गाडी उलटीसुलटी पाहिली, आणि काय सांगू, मलाच चेव चढला. चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. फळ्यांचा तळ बैलाच्या दांड्यांपासून सोडवला आणि दोन चाकांमधल्या कण्यावर असा बसवला की पुढची खुंटी काढली की मागची कड खाली वाकून जमिनीला टेकेल. बैल सोडायला नको. त्या कडेला एक फिरता रूळ बसवला. पुढच्या टोकाला विहिरीवर असतो तसा रहाट, बाभळीचा, चांगला दणकट. दगडाला दोर बांधायचा, रहाट फिरवायचा, की दगड रुळावरून आपोआप वर सरकत येतो. मग तळ सपाट करून खुंटी घालायची. दोन माणसांचं काम एकटा माणूस करू लागला. खाणीवरचे लोक बघायला यायचे. मी उगाच तिकडून चक्कर टाकायचो, कुणीतरी विचारावं म्हणून.

रोझा घरी राहिली. चौथा महिना गेला, सहावाही गेला. मार्सेल जाता-येता मला बोटं दाखवून महिना सांगायचा.

माघात पिलेग आला. आधी मुंबईत ऐकत होतो, मग कल्याणात, मग आमच्या उंबऱ्याशी. माणसं सकाळी बरी असायची आणि दुसऱ्या दिवशी जायची. पोटचे पोरगे बापाच्या प्रेताला हात लावीनात. एक सरकारी कारकून शिपायाला घेऊन मढी उचलायला माणसं शोधत हिंडत होता. त्याला खाणीच्या वाटेवर मार्सेलची गाडी दिसली. चटईत गुंडाळलेल्या प्रेताला दोर बांधायचा आणि रहाट फिरवायचा. कुणाचा हात लागायचं कारण नाही. कारकून खूश झाला. "अरे, ही गाडी तर ह्याच कामासाठी केल्यासारखी आहे," असं म्हणाला म्हणे. त्याच दिवशी गाडी आणि मार्सेल, दोघांनाही कामाला लावलं.

मला कळलं त्या संध्याकाळी तो दारावरून चालला होता. मी कुंपणाशी थांबून त्याला विचारलं, "नाही म्हणता येत नव्हतं?"

"शिपाई होता संगती," तो म्हणाला. मग बैलाला हाकत म्हणाला, "आन कुणीतरी न्यायला पायजेच ना त्यांना."

मी गाडीपासून दोन पावलं मागे सरकलो.

तो घरात झोपेना. गोठ्यात बैलापाशी पडायचा, रोझासाठी पाणी दारात ठेवून मागे सरायचा. वाणी त्याचे तांदूळ रस्त्यातच ठेवायचा. ज्यांची माणसं त्यानं पोचवली तीच माणसं त्याला बघून घरात शिरायची. त्यांच्या किरिस्तावांच्या देवळातल्या बाया रोझाकडे यायच्या बंद झाल्या. मी? मीही त्याच्याशी लांबूनच बोलायचो. दिवसातून दोनदा आंघोळ करायचो. गाडीवर माझा हात फिरलेला होता, तेवढंही मला नकोसं झालं.

चैत्रात एका दुपारी तो आला. ऊन मी म्हणत होतं. कुंपणाच्या बाहेरच उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. "दादा, वहिनीला पाठव. रोझाचं पोट सकाळपासून दुखतंय. मी घराजवळ येनार नाय. मी लांब जाऊन बसतो, नदरेसमोर बी येनार नाय."

गोदा आत भात कांडत होती. मी पडवीत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती घरी नाही. माहेरी गेलीय, ठाकुर्लीला."

आत मुसळ थांबलं.

त्यानं ते ऐकलं. इतकं लख्ख ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मुसळाचा आवाज गावाबाहेर जात असेल, त्याला ऐकू आला नाही असं कसं होईल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि वळला.

गोदा बाहेर यायला निघाली. मी दाराला बाहेरून कडी घातली. ती आतून म्हणाली, "अहो, उघडा." ओरडली नाही. मग पुन्हा म्हणाली. मी पडवीतच बसून राहिलो. आमची दोन मुलं आहेत, मी स्वतःला सांगत होतो, आमची दोन मुलं आहेत. ऊन कलल्यावर कडी काढली. ती माझ्याकडे न बघता चालती झाली.

दिवेलागणीला परत आली. मूल आडवं होतं. "वेळेवर हात लागला असता तर फिरवलं असतं मी," एवढंच म्हणाली. मूल गेलेलं, मुलगी होती. मागोमाग रोझाही गोदाच्या मांडीवर गेली. रोझाला पिलेग नव्हता, मार्सेललाही नव्हता, पुढेही कधी झाला नाही. आमच्याही घरात तो शिरला नाही. मायलेकींना मार्सेलनं स्वतःच्या हातांवर उचलून त्यांच्या देवळामागे पुरायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी कारकुनाचा निरोप आला तसा पुन्हा गाडी जुंपली.

तो मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. खरंच बघत होतो. दगड मारला असता तरी चाललं असतं. आठ दिवसांनी तो रस्त्यानं चाललेला, मला पाहून थांबला. डोळे खोल गेलेले. गोदा माझ्यामागे अंगणात शेणी थापत होती, त्याला ती समोर दिसत होती.

"वहिनी आली का माहेराहून?" त्यानं विचारलं. "समदी बरी हायत ना तिकडं?"

मी म्हटलं, "हो. बरी आहेत."