दिल्लीतला चप्पल झाडणारा

मोर्चासाठी दिल्लीत गेलो होतो. रस्ते रुंद, झाडं देखणी; पण दर फाटकावर माझी पिशवी उचकली जायची आणि बड्यांच्या गाड्या सलाम घेत आत जायच्या. चिडूनच मी एका गल्लीतल्या गलाईच्या दुकानात शिरलो. सोनं वितळवून शुद्ध करणारा तो माणूस विट्याचा होता. मी शेजारच्याच पलूसचा म्हणताच त्यानं डब्यातली भाकरी पुढे केली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

निघताना मात्र तो ब्रश घेऊन दारात उभा. "पाय वर करा."

"तुम्हीही मला चोर समजता?" मी भडकलो.

"आवं पावनं, चोर तुमी न्हाई, तुमची चप्पल हाय," तो हसला. "सोन्याचा कण तळाला चिकटून जातोय. सोनं लोकांचं हाय. सासरा आलता, त्येचं बी पाय झाडलं."

मी पाय उचलला नाही. तेवढ्यात आतून अंगठ्यांनी मढलेला एक सराफ निघाला.

"सेठजी, पैर."

सराफानं निमूट भिंतीला हात टेकला आणि एक पाय वर केला.

राजधानीत पहिल्यांदाच आम्हा दोघांना एकच नियम लागू झाला होता. मीही त्याच्या शेजारी भिंत धरली.