मैदानाच्या कडेला उभा राहणारा खेळाडू

महायुद्ध संपलं त्या सुमारास मी तासगावच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. तिथं फौजेतून परतलेला एक गडी मला रोज संध्याकाळी मैदानावर दिसायचा. फौजेत त्याच्या जोरावर त्याची पलटण व्हॉलीबॉलची अजिंक्यपदं मिळवायची. मग ब्रह्मदेशात खांद्याला गोळी लागली आणि उजवा हात वर जाईनासा झाला. गावी परतून तो शेतकऱ्यांच्या तरण्या पोरांना हाच खेळ शिकवू लागला. कुणी चेंडू मारायला उडी घेतली, की कडेला उभ्या असलेल्या त्याच्याही टाचा उचलल्या जायच्या.

एके दिवशी साताऱ्याच्या संघाशी सामना होता. शेवटच्या गुणाला आमच्या संघातल्या एका उंच गड्यानं असा चेंडू हाणला, की समोरच्यांना हलताही आलं नाही. लोक ओरडत मैदानात धावले. तो मात्र मटकन खाली बसला आणि बाहीनं डोळे पुसू लागला.

मी घाबरून विचारलं, "खांदा दुखतोय का?"

"न्हाई गुर्जी. लय दिस मनात एक भ्या व्हतं. ही पोरं जिंकली, तर मला ह्यांचा हेवा वाटंल, असं वाटायचं." तो हसला. "न्हाई वाटला बघा."

मग उठून, त्या उंच गड्याची पाठ थोपटायला तो गर्दीत शिरला.