चुंबकाला न चिकटणारे बोल्ट

चहा येतोय तोवर मीच सांगून टाकतो, नाहीतर आमची ही, सुनंदा, तिखटमीठ लावून सांगेल. मूर्खपणा आयुष्यात सगळेच करतात हो! पण माझ्या मूर्खपणाला दोन वर्षं रंग देऊन, तेलपाणी करून जपलं गेलं. असा मान किती जणांना मिळतो?

तेव्हा मी जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या मिलच्या गेटवर होतो. काम एकच. भंगाराचा ट्रक आला की माल पारखायचा. दोरी बांधलेलं एक चुंबक मला दिलेलं होतं. ट्रकवर चढायचं आणि चुंबक फिरवायचं. चिकटलं तर आत, नाही चिकटलं तर बाहेर! पितळ, तांबं, स्टेनलेस, सगळं बाहेर, कारण भट्टीत ते गेलं की आमचा माल बिघडतो. बारा वर्षं हेच केलं. बारा वर्षं एकच काम केलं की माणसाला वाटायला लागतं, जगात मालाचे दोनच प्रकार आहेत.

माझी सासुरवाडी घनसावंगीकडची, गोदावरीच्या काठावर. सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, चार एकर ऊस नदीच्या पलीकडे. खाली बंधारा झाल्यापासून पाणी कायम तुंबलेलं, आणि पुलावरून जायचं तर सतरा किलोमीटरचा वळसा. नावेशिवाय त्या घराचं पान हलत नाही. जुनी नाव कुजली म्हणून मामांनी बाभळीच्या फळ्यांची नवीन करून घेतली. वल्ही अडकवायला दोन बाजूंना दोन कड्या, दोर बांधायला पुढे एक, आणि त्यांचे बोल्ट, एवढं सामान घ्यायला ते जालन्याला आमच्याकडे आले. किसनबाबा म्हणून त्यांचा म्हातारा नावाडी आहे. त्याने निरोप दिला होता, कड्या पितळी आणा, न्हाईतर स्टेनलेसच्या.

"मामा, निरोप राहू द्या," मी म्हणालो. "लोखंडात माझी हयात गेली."

मामांनी पिशवी उचलली. ते तसे कमी बोलणारे. आम्ही दुकानात गेलो.

दुकानदाराने स्टेनलेसच्या कड्या आणि चार सुताचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे, बोल्ट समोर मांडले. चकचकीत, देवघरात ठेवावेत असे. मी खिशातून चुंबक काढलं. हो, सुट्टीच्या दिवशीही ते माझ्या खिशात असायचं! बोल्टला लावलं, घसरलं. दुसऱ्याला लावलं, तेही घसरलं.

"हे काय देऊन राह्यले?" मी विचारलं.

"साहेब, स्टेनलेस हाय. असल्या चांगल्या मालाला चुंबक धरतच न्हाई."

"आमच्या गेटवर हा माल आला असता तर ट्रक परत पाठवला असता मी."

"पण साहेब, तुम्हाला भट्टीत घालायचंय का नावंला लावायचंय?"

आता बघा, किती सरळ प्रश्न! शहाणा माणूस इथेच थांबला असता. मी म्हणालो, "ताटवाट्यांचं स्टील आहे हे. नाव म्हणजे काय जेवणाचा डबा आहे का?"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मला स्फुरण चढलं. मामा तेवढे हसले नाहीत, ते त्या बोल्टांकडेच बघत उभे होते.

पुढच्या आठवड्यात आमच्या मिलच्या फिटरकडून मी जाड पट्टी वळवून तीन कड्या करून घेतल्या. साधं, खानदानी लोखंड! वर लाल रंग. कडी उचलताना मनगट भरून यायचं. चुंबक लावलं तर असं चिकटायचं की सोडवायला दोन हात लागायचे. एसटीने घनसावंगी, तिथून जीपने गाव, अशी ती पिशवी मी मांडीवर घेऊन गेलो.

किसनबाबाने कडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि खाली ठेवली.

"जावईबापू, बाभळीचं वल्लं लाकूड लोखंडाला खातं. अन् गंज लागला का लोखंड लाकडाला खातं."

"बाबा, रंग दिलाय की."

"भोकाच्या आत कोण रंग देतं?"

मी मामांकडे बघितलं. आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. जावई म्हणाला दिवस मावळतीला उगवतो, तर सासरा म्हणेल, आमच्या गावात तसाच उगवतो.

"बसवा बाबा," मामा म्हणाले. "जावईबापू लोखंडातले मानूस हायेत."

बसल्या कड्या. पुढे दिवाळीला गेलो, बघतो तर कड्या लालभडक! जत्रेला गेलो, तशाच. पुढच्या दिवाळीला तर जणू कालच रंगवल्यासारख्या. गंजाचा ठिपका नाही. मी मिलमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो. शेजारच्या गावच्या एकाला नाव करायची होती, त्यालाही भर पारावर सांगितलं, "स्टेनलेसच्या नादी लागू नका." किसनबाबा तिथेच बसला होता. त्याला त्या दिवशी फार खोकला आला.

एक गोष्ट मात्र होती. गावात पोचल्या पोचल्या मला कुणी नदीवर जाऊ देत नसे. "चहा घ्या, मंग जाऊ." चहा झाला की, "पोहे टाकलेत, मंग जाऊ." मला वाटायचं, काय हे आगतस्वागत! तासभर खाऊनपिऊन नदीवर जावं तर रंगाचा वास यायचा. वासावरूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मग धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात. मी निरोप धाडला होता की दुपारच्या जीपने येतो. पण सकाळचीच जीप मिळाली आणि आम्ही दोघं दहालाच दारात हजर!

घरात एकच धांदल. मामा मला बघून उठले ते सरळ नदीकडे निघाले, तेही बिनचपलेचे.

"मामा कुठं गेले?" मी सासूबाईंना विचारलं. त्यांना मी मामी म्हणतो.

"येतेत. तुम्ही बसा. तूप घ्या."

चार धोंडे, वर वाटीभर तूप. जेवण झालं, नवा सफारी अंगात चढवला आणि मीच टूम काढली, "चला, पलीकडं ऊस बघून येऊ." आमची ही म्हणाली, मला झोप आली. ती माझ्याबरोबर त्या नावेत कधीच बसली नव्हती, दर वेळी काहीतरी निघायचंच. मामी मात्र पदर खोचून तयार. मामा, मामी, मी आणि वल्ही मारायला किसनबाबा, असे चौघं निघालो. कड्या लालभडक होत्या.

पाऊस होऊन गेलेला, पाण्याला ओढ होती. खाली बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता. किसनबाबा आपला अंड्यांची पाटी घेऊन चालल्यासारखा हळूहळू वल्हवतोय.

"बाबा, जोर लावा की! कडी कुणाची आहे?"

किसनबाबाने मामांकडे बघितलं. मामांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तूप जास्त झालं असेल.

"लावा बिनधास्त!" मी म्हणालो.

जावयाचा शब्द! म्हाताऱ्याने लावला जोर. उजवीकडची कडी बोल्टांसकट उपटून पाण्यात, आणि किसनबाबा उताणा माझ्या मांडीवर. वल्हं वाहून चाललं होतं ते मामांनी कसंबसं धरलं. नाव गरकन फिरली आणि आडवी होऊन बंधाऱ्याकडे निघाली.

खोटं कशाला सांगू, माझी बोबडी वळली. पाण्याचा आवाज वाढत होता. शेजारी मामी बसलेल्या. माझ्या कडीपायी ह्या बाईचा जीव जाणार, एवढंच मनात येत होतं.

"जावईबापू, उठा," किसनबाबा म्हणाला.

मला वाटलं उडी मारायला सांगतोय.

"उठा वो जल्दी! तुम्ही त्याच्यावरच बसले!"

मी उठलो. त्याने बसायची फळी सरकवली. खाली गोणपाटाचं गाठोडं. त्यात एक पाना, आणि बोल्टांसकट तीन कड्या. चकचकीत, देवघरात ठेवाव्यात अशा. चार सुताचे बोल्ट रोजच्या वाटेने घरी गेल्यासारखे त्या भोकात शिरले. चार-पाच फेरे पान्याचे, वल्हं अडकवलं, आणि म्हाताऱ्याने असा काही जोर लावला की नाव वळली. तशीच ती काठाला लागली.

काठावर मी विचारलं, "मामा, ह्या कड्या कधी आणल्या?"

"त्याच दिशी," मामा मान खाली घालून म्हणाले. "तुम्ही रिक्षा बघाया गेल्ते ना, तवा."

"आणि माझ्या?"

"त्या पैल्याच पावसाळ्यात कामातून गेल्या," किसनबाबाने सांगितलं. "रोजच्याला ह्याच असत्यात. तुमचा निरोप आला का ह्या काढायच्या, तुमच्या घासून बसवायच्या, रंग मारायचा. मी हळूच वल्हवून आणतो. आज तुम्ही लवकर आले, नट दोन आट्यांवरच राह्यले, पुरते आवळलेच न्हाईत बघा."

"म्हणजे एरवी नाव बराबर असते?"

"बिलकुल बराबर! तुम्ही बसता तेवढाच दिस..."

"जाऊ द्या, बाबा," मामा म्हणाले.

मला आधी राग आला. माझ्यापासून लपवलं? मग राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती लाज राहिली. माझा शब्द राहावा म्हणून ही माणसं दर वेळी जीव मुठीत धरून माझ्याबरोबर त्या नावेत बसत होती. मामांचं एक वेळ समजू शकतो, सासरा आहे, रीत आहे. किसनबाबाला तर वल्ही मारायलाच हवीत. पण मामी?

"मामी, तुम्हाला माहीत होतं ना हे?"

"मंग? रंग मीच मारीत व्हते की."

"मग तुम्ही कशाला बसत होतात नावेत? सुनंदासारखं घरी राहायचं!"

मामींनी पदराने माझ्या नव्या सफारीवरचा चिखल पुसला.

"तुम्हाला पवता येत न्हाई, असं सुनंदानं सांगितल्तं," त्या म्हणाल्या. "ह्या दोघांची आता वयं झाली. माझं माहेर नदीकाठचं. मंग तुम्हाला वर काढाया कुणीतरी नको का?"