शून्यातून की परमाणूंतून?

"माझी मुलगी घरी सांगते, देवाने जग शून्यातून निर्माण केलं. हे कोण शिकवतं तिला?" प्राचार्यांच्या केबिनमध्ये तन्वीचे बाबा टेबलावर बोट आपटत होते. ते बोळिंज गावचे.

शेजारी तन्वीच्याच वर्गातल्या मेलिसाची आई, गिरीज गावच्या. त्यांची तक्रार बरोबर उलटी. "आमची पोर म्हणते, परमाणू कुणीच निर्माण केले नाहीत. मी चर्चमध्ये धर्मशिक्षण देते. लोकांना काय तोंड दाखवू?"

दोन्ही आरोप खरे होते. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरते पैसे या बोलीवर, तत्त्वज्ञान शिकवते. जुन्या भारतीय वादातला एक नियम वर्गात पाळते: पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी असं मांडायचं, की तोच म्हणाला पाहिजे, "हो, हेच." मग उत्तर. म्हणून तन्वीला मध्ययुगीन ख्रिस्ती बाजू दिली होती, मेलिसाला वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनाची. वैशेषिकांच्या मते परमाणू कायमचेच आहेत. ईश्वर ते जुळवतो, निर्माण करत नाही.

प्राचार्य म्हणाले, "उद्यापासून फक्त नोट्स द्या. नाहीतर पुढच्या टर्मला दुसरं कोणी बघावं लागेल."

नोट्स उतरवून देणं म्हणजे मुलांच्या डोक्याला कुलूप घालणं. ते मी करणार नव्हते.

"सर, वर्गात काय होतं ते इथेच दाखवते. मग काढा मला." मी बाबांकडे वळले. "ताईंचं म्हणणं तुम्ही सांगा."

"त्यांच्या देवाने जादू केली."

"जादूबिदू काही नाही हां!" मेलिसाची आई उसळल्या.

"बरं. देवाने आधीचं काही न वापरता जग केलं. ज्यातून केलं, तेसुद्धा त्यानेच केलं."

"हो, हेच!"

"आता उत्तर द्या," मी म्हटलं.

"अहो, मातीच नाही तर मडकं कशाचं घडवणार?"

वस्तू ज्यातून बनते, त्याला उपादान कारण म्हणतात. बाबा पुस्तक न उघडता तिथे पोचले होते.

आता पाळी मेलिसाच्या आईची. "तुमच्या मते माती आधीपासूनच आहे. देव फक्त घडवतो."

"करेक्ट."

"पण भाऊ, कुंभाराला माती लागते. देवालाही लागली, तर तो देव कसला? मोठा कुंभारच की!"

बाबा खुर्चीत मागे टेकले. "तन्वी जेवताना हेच म्हणाली. मी तिला गप्प बसवलं."

"मग काय करायचं?" प्राचार्यांनी विचारलं.

"तास बंद नका करू, सर," बाबा म्हणाले. "पण मला याचं उत्तर हवंय."

"मलाही ऐकायचंय," मेलिसाची आई म्हणाल्या.

प्राचार्य माझ्याकडे बघून म्हणाले, "चालू ठेवा. जरा दार लावून घेत जा."

"दार उघडंच राहील, सर."

पुढच्या टर्मलाही मलाच बोलावलं. दोन्ही पालक आपापल्या श्रद्धेवर आजही ठाम आहेत, आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. माझी अट एवढीच: समोरच्याचं म्हणणं धड सांगता येईपर्यंत तक्रार करायला येऊ नये.