तेरवीच्या पत्रिकेतला आनंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आर्णीत एका छपाईच्या दुकानात मी टायपिंग करायचो. शेजारच्या कॉम्प्युटरवर वंदनाताई. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं! नजर गिऱ्हाइकाच्या कागदावर, पडद्याकडे बघणंच नाही. दोन्ही कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम एकच, सामायिक; त्यातले शॉर्टकट तिनेच बसवले होते. एक मूळ मोड, म्हणजे मजकुराचा साचा, आणि त्याच्या हाताखाली लग्नपत्रिकेचा, तेरवीचा, असे बाकीचे. मूळ मोडमध्ये जे ठेवाल ते खालच्यांना आपोआप मिळायचं. एक बटण दाबलं की ‘आपणांस कळविण्यात येते की’ उमटायचं — लग्न असो की मरण.

लग्नसराई होती. मला पत्रिकेत जरा भपका हवा होता. मी त्या बटणावर ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ बसवलं. लग्नाच्या मोडमध्ये बसवायचं, ते आळसाने मूळ मोडमध्येच बसवलं. वंदनाताईला सांगायचं राहून गेलं — राहून गेलं? नाही. सांगावं असं वाटलंच नाही.

त्याच आठवड्यात तिने एका तरुण मुलाच्या तेरवीची पत्रिका केली. घाईत प्रूफ कुणी वाचलंच नाही.

मुलाचे वडील गठ्ठा घेऊन दुकानात आले. ओरडले नाहीत. पत्रिका टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, “माहं पोरगं गेलं, अन् आनंद कायचा होते तुमाले?”

मला तत्क्षणी कळलं. मालक त्यांच्यापुढे हात जोडत होते, वंदनाताई भिंतीला टेकून उभी होती. आणि मी काय केलं? खुर्चीत बसून ते बटण गुपचूप पूर्ववत केलं.

ती जरा सावरल्यावर कॉम्प्युटरपाशी आली. तेरवीचा मोड उघडला, बटण दाबलं. ‘आपणांस कळविण्यात येते की.’ पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी शेजारीच होतो — तेव्हा तरी बोलायचं ना? ती हळूच म्हणाली, “माह्याच हातून झालं असन.” मालकांनी तिला त्याच दिवशी काढलं. तिची खुर्ची मला मिळाली, तिचे सगळे शॉर्टकटही.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. ते शॉर्टकट अजून तेच आहेत, बोटांना दुसरे येतच नाहीत. तेरवीचं काम आलं की त्या बटणावर बोट अडतं, आणि मला भिंतीला टेकलेली ती दिसते. भीती वाटते — खरंच, दिवसाउजेडी.

मागे बोरी अरबच्या बाजारात ती भेटली. बांगड्या विकत होती. मी विचारलं, टायपिंग करत नाहीस का? ती हसली. “सोडलं बाप्पा. या हाताईचा भरोसा नाही राह्यला मले.”

मी बायकोसाठी बांगड्या घेतल्या. वंदनाताईने त्या एकेक वाजवून, तडा नाही ना बघून, कागदात बांधून दिल्या. मी गाडीला किक मारली आणि घरी आलो.