गिदोनच्या नावाचा कप

दौंडच्या लोको शेडमधल्या योहान हिवाळे या फिटरला आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, आणि तो माणूस फुटबॉलमध्ये त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. योहानला सलत होतं ते हेच. सरस खेळाडूचा हेवा वाटला असता तर त्याने तो गिळला असता. पण गिदोन भांबळ चेंडूला लाथ मारायला जाई आणि निम्म्या वेळा जमिनीलाच मारी.

दोघे शिरूरचे. जुनी माणसं अजून त्या गावाला घोडनदीच म्हणत. मिशनच्या कंपाउंडात दोघे एका वर्गात शिकले, एकाच वर्षी रेल्वेत चिकटले. योहान शेडमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस म्हणून लागला आणि हाताच्या हुशारीवर फिटर झाला. गिदोन झाला कॉलमन. गाडीवर कोणाची पाळी आहे ते बघायचं आणि ड्रायव्हर-फायरमनच्या क्वार्टरवर जाऊन त्यांना बोलावून आणायचं, एवढंच त्याचं काम. दौंडातलं एकही दार असं नव्हतं की जे गिदोनने वाजवलं नव्हतं. कोण कधी झोपतो, कोणाच्या घरी भांडण चाललंय, कोणाची बायको माहेरी गेलीय, सगळं त्याला ठाऊक. पण या दारचं त्या दारी त्याने कधी सांगितलं नाही.

स्वातंत्र्यानंतर दौंडचे बरेच साहेब ड्रायव्हर चंबूगबाळं आवरून विलायतेला निघून गेले. ते खेळत ते मैदान ओस पडलं, त्यावर बाभळी उगवल्या. तिथे आपल्या लोकांचा फुटबॉल क्लब काढायचा ही कल्पना आधी आपल्याच डोक्यात आली, असं योहान पुढे कैक वर्षं सांगत असे. आलीही असेल. पण योहान ती डोक्यात घेऊन बसला आणि गिदोन ती घेऊन चालत सुटला. एकावन्न सालच्या उन्हाळ्यात तो क्वार्टर-क्वार्टरला फिरला. रेल्वेच्या साहेबाच्या कचेरीबाहेर सहा दिवस उभा राहिला आणि मैदानाची परवानगी घेऊन आला. बाभळी तोडायला पंचवीस माणसं जमली, त्यात योहानही होता. त्याच्या तळहातात काटा मोडला आणि हात आठ दिवस सुजून होता. पुढे कोणी क्लबच्या जन्माची गोष्ट काढली की त्यात गिदोनचे सहा दिवस असत, योहानचा काटा नसे.

क्लबचं नाव पडलं भीमा क्लब आणि कॅप्टन झाला गिदोन; गडी कमी पडला की तोही आत उतरे. बॅकला खेळायला एक दणकट गडी हवा होता. पाटसच्या स्टेशनावर हौसराव नावाचा शेतकऱ्याचा तरणा मुलगा दुधाच्या दोन-दोन कॅन एका वेळी उचलताना गिदोनने पाहिला आणि तो सरळ त्याच्या घरी गेला. बाप संपतराव गावातलं वजनदार माणूस. रेल्वेतल्या ख्रिस्ती पोरांबरोबर अर्ध्या चड्डीत खेळायचं म्हटल्यावर त्यांनी गिदोनला ओट्यावरूनच वाटेला लावलं. गिदोन पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला संपतराव म्हणाले, हा माणूस काही मला सोडत नाही, जा बाबा घेऊन. हौसराव आला आणि पुढची बारा वर्षं भीमाचा बॅक म्हणून भिंतीसारखा उभा राहिला.

खेळ मात्र योहानचा होता. तो सेंटर फॉरवर्ड. सडपातळ, लांब ढांगांचा. चेंडू पायाशी आला की जणू बुटालाच बांधलाय असं वाटे. अहमदनगरच्या, सोलापूरच्या संघांवर त्याने गोल चढवले. लोक टाळ्या वाजवत, वा म्हणत आणि खेळ संपला की गिदोनभोवती गोळा होत. गिदोन चेंडूच्या ब्लॅडरमध्ये हवा भरत बसलेला असे. कोणी त्याला चहा पाजी, कोणी मुलाच्या शाळेचं विचारी, कोणी उगाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राही. योहान पाय धुऊन येई तोवर सगळे त्या घोळक्यात असत. त्याला कोणी टाळत नव्हतं. पण त्याच्याशी बोलायला लोकांना गोलाचं निमित्त लागे आणि गिदोनशी बोलायला कसलंच लागत नसे, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं.

सत्तावन्न साली दौंडच्या मैदानावर पुण्याच्या एका तगड्या संघाबरोबर फायनल झाली. पहिल्या अर्ध्यात योहानने तिघांना चकवून असा गोल केला की पुण्याच्या गोलकीपरनेही हात कमरेवर ठेवून मान हलवली. दुसऱ्या अर्ध्यात भीमाच्या एका गड्याचा पाय मुरगळला. राखीव गडी ड्युटीवर गेलेला, म्हणून गिदोन स्वतःच आत उतरला. शेवटच्या दोन मिनिटांत पुण्याच्या एकाने लांबून फटका मारला. गोलकीपर चुकला. चेंडू जाळ्यात जाणार, तेवढ्यात गोलाच्या तोंडाशी नुसत्याच गोंधळून उभ्या असलेल्या गिदोनच्या नाकावर तो आदळला आणि बाहेर गेला. गिदोन आडवा झाला. नाकातून रक्ताची धार लागली. शिट्टी झाली आणि भीमा एका गोलने जिंकली.

लोकांनी खांद्यावर घेतलं ते गिदोनला. रक्ताने माखलेला सदरा, सुजलेलं नाक, आणि हा वरून हसतोय. मैदानाला एक पूर्ण फेरी झाली. गोल करणारा योहान नळावर पाय धूत होता. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पाणी ओततच राहिला. नाकावर चेंडू बसला याला खेळ म्हणतात काय, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

पुढल्या वर्षी क्लबच्या बैठकीत त्याने मनातलं काढलं. गिदोनचं नाव घ्यायचं त्याने शहाणपणाने टाळलं. आता आपल्याला मोठ्या स्पर्धांना जायचंय, तो म्हणाला, कॅप्टन खेळता येणारा हवा आणि संघात फक्त खेळता येणारेच हवेत. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. हौसराव काही बोलणार होता, पण त्याच्याआधी गिदोनच म्हणाला, "योहानचं बरोबर हाय. मला खेळता येत न्हाई, ह्ये सगळ्यांस्नी ठावं हाय. कॅप्टन योहानलाच करा."

योहान कॅप्टन झाला. गिदोनने वाद घातला असता, निदान तोंड पाडलं असतं, तर त्याला जिंकल्यासारखं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी गिदोन नेहमीसारखा पंप घेऊन हजर.

महिन्याभरात मैदानावर सात-आठच जण यायला लागले. योहान रागावे, त्याने आणखी कमी होत. मग एकाएकी सगळे पुन्हा वेळेवर येऊ लागले. आपल्या दराऱ्याचा हा गुण असं योहानने धरलं. एका सकाळी तो पाळी संपवून घरी आला, तर त्याची बायको मेरी सहज म्हणाली की गिदोनभाऊजी येऊन गेले, साडेचारला मैदानावर यायची आठवण करून गेले.

"मला? कॅप्टनला?"

"तुम्हालाच. समद्यांकडं जातात तसं आपल्याकडंबी आले," मेरी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तेव्हा योहानला कळलं की दहाजणांना मैदानावर आणणारा कोण आहे. पाट्यावरची चटणी डोळ्यांत गेल्यासारखं त्याला झालं. त्या संध्याकाळी तो गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी गिदोनने विचारलं, बरं नव्हतं का? योहानने मान हलवली आणि गिदोनने त्याच्यासाठी बायकोकडून आल्याचा काढा करून पाठवला. तो काढा योहानने मोरीत ओतला.

चौसष्ट सालच्या थंडीत गिदोनच्या छातीत पाणी झालं. तीन आठवड्यांत तो गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याच्या आईच्या इच्छेवरून माती शिरूरला झाली. दौंडहून दोन ट्रक भरून माणसं आली. ड्रायव्हर, फायरमन, हमाल. पाटसहून संपतराव, ज्यांनी त्याला ओट्यावरून घालवलं होतं ते, वहाणा हातात धरून ख्रिस्ती स्मशानात उभे होते. पेटीला खांदा देताना योहान रडला. ते रडणं खरं होतं. पण रडता रडता त्याची नजर गर्दीवरून फिरली आणि आपल्या मातीला याच्या निम्मी तरी माणसं येतील का, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की पाद्रीसाहेबांची प्रार्थना संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

दोन वर्षांनी क्लबने गिदोनच्या नावाने स्पर्धा भरवायचं ठरवलं. कपाशेजारी हार घालून ठेवायला फोटो हवा होता आणि पहिल्या दिवशी गिदोनची आठवण सांगायला कोणीतरी हवं होतं. दोन्ही कामं योहानकडे आली. त्याच्याइतका जुना मित्र दुसरा कोण, असं सगळे म्हणाले.

एका रविवारी एस.टी. बदलत, न्हावऱ्यावरून तो शिरूरला पोचला. गिदोनची विधवा दयाबाई मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. मागच्या दोन खोल्यांत राहत होती. तिने चहा टाकला, ट्रंकेतून फोटो काढला. लग्नातला होता. फुटबॉलचा एकही नव्हता, कारण संघाचा फोटो निघायचा तेव्हा गिदोन कधी चेंडू आणायला तर कधी कोणाला तरी बोलवायला गेलेला असायचा.

योहानने फोटो पिशवीत ठेवला. चहा झाल्यावर दयाबाई समोर बसली. "एक विचारते, योहानभाऊ. त्यांना टीममधनं तुम्हीच काढलं न्हवं?"

या प्रश्नाची उत्तरं योहानजवळ पुष्कळ होती. क्लबचं भलं होतं, कमिटीने ठरवलं होतं. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"व्हय, वहिनी. मीच."

"त्या दिवशी घरी येऊन काय म्हनले, ठावं हाय? म्हनले, बरं झालं दया. आत असलो की चेंडू कुठनं येतोय त्येच मला उमगत न्हवतं. आता काठावरनं योहानचा खेळ समदा बघाया मिळंल." "त्यांना राग न्हाई आला. मला आला. अजून हाय. जेवताना योहान, पोरगं तापानं फणफणलंय तरी योहाननं कसा गोल मारला त्येच. गोल तुम्ही मारायचा आन् सण आमच्या घरात. एवढं ज्याचं गुणगान त्यानंच त्यांना भाईर बसवलं. मला तुमचं नाव ऐकवत न्हाई, खरं सांगते."

योहान उठला. दारापर्यंत येऊन ती म्हणाली की कपाच्या दिवशी ती येईल. योहानसाठी नाही, त्यांच्यासाठी.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्याने मन चाचपलं. आपण कोणाला तरी इतके आवडत होतो हे ऐकून छाती भरून यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच्या तळाशी तीच जुनी आग होती. मत्सर करायची पाळी गिदोनवरही आली होती. चांगलं खेळणारा मित्र, हातातून गेलेली कॅप्टनशिप. आणि त्याने ती पाळी आली तशी जाऊ दिली, जणू काही झालंच नाही. योहानला जे पंधरा वर्षांत जमलं नाही ते गिदोनने एका संध्याकाळी, भाकरी मोडता मोडता केलं होतं. यातही तोच पुढे.

सदुसष्टच्या जानेवारीत स्पर्धा सुरू झाली. मैदानाला चुन्याच्या रेषा मारलेल्या, टेबलावर कप, शेजारी लग्नाच्या टोपीतला गिदोन. दयाबाई पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन. योहानने घरी चांगलं भाषण पाठ केलं होतं. गिदोनचे सहा दिवस, पाटसच्या तीन खेपा, नाकावरचा चेंडू. लोक हसतील आणि हळहळतील अशा बेताने जुळवलेलं. तो उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं.

"गिदोनला खेळता येत नव्हतं," तो म्हणाला. लोक हसले. "मला येत होतं. म्हणून मला वाटायचं की क्लब माझा. पण तुम्ही सगळे त्याच्याकडे जायचा. मी त्याच्यावर जळलो. त्याला संघातून मी काढलं आणि क्लबच्या भल्यासाठी काढलं असं तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. तो घरोघर फिरून माझ्यासाठी गडी गोळा करत राहिला. हे त्याच्या समोर म्हणायला पाहिजे होतं, ते राहिलं."

एवढंच बोलून तो खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच समजेना. कोणीतरी घाईघाईने आभार मानले. शेजारी बसलेल्या हौसरावने हलकेच सांगितलं की हे त्या बैठकीतच सगळ्यांना कळलं होतं. योहानने विचारलं, मग कोणी बोललं का नाही? हौसराव म्हणाला, बैठक सुटल्यावर गिदोननेच आम्हाला शपथ घातली होती, योहानचं मन मोडू नका म्हणून.

योहानचे कान लाल झाले. दयाबाई पहिला सामना संपेपर्यंत बसली आणि जाताना त्याच्याजवळून गेली. थांबली नाही, पण नजर मिळाल्यावर तिने मान किंचित हलवली. तेवढंही योहानला पुष्कळ वाटलं.

घरी जाताना रुळांच्या कडेच्या वाटेने मेरी त्याच्या मागून चालत होती. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "येवढं बोललात चारचौघांत. आता तरी बरं वाटतंय का?"

योहानने खरोखरच विचार केला. शेडचा भोंगा झाला.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून जळतंय. पण लपवाया लागत न्हाई आता."

मेरीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दोघे क्वार्टरच्या दिशेने वळले. दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती.