कॉम्प्युटर, संत्री आणि रिकामे ट्रक

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते पारशिवनीच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या गुरुजींचे. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. गणित सोडवण्याआधी ते म्हणत, "काय विचारून राहिले, ते आधी तुझ्या शब्दांत सांग."

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कॉम्प्युटरवर कामाला लागलो. मालकांनी संत्र्यांच्या वाहतुकीवर भर द्यायचं ठरवलं, त्याच सुमारास कॉम्प्युटर घेतला. दोन्हींचा संबंध मला कुणी सांगितला नाही. सोबत पगाराचा प्रोग्राम आला होता, म्हणून मी पगारपत्रकं छापत असे. मालक कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी चपला काढून हात जोडत. मग सगळेच तसं करू लागले आणि आत कुणी येईना.

एकदा मालकांनी विचारलं, "दिल्लीहून कोणता ट्रक रिकामा येऊन राहिला, सांगते का तुझं मशीन?"

"त्याला कुणी सांगितलंच नाही, मालक."

"म्हणजे आपणच त्याले सांगायचं? मग घेतलं काहून? हा संत्र्याचा बहार पाहतो, नाही तर विकून टाकतो. मग तू पाह्य तुझं."

धाकट्या बहिणीचं शिक्षण माझ्या नोकरीवर चाललं होतं. मी घाबरून ट्रकची माहिती मागायला बुकिंगच्या बाबूंकडे गेलो.

"आम्ही तं तुमच्या मशीनची वाट पाहून राहिलो गा," ते म्हणाले. "त्याले सारं समजत असन ना."

बाबू सकाळी पायरीवर चहा पीत ट्रक कुठे पाठवायचे ते ठरवत. मी तिथे बसू लागलो. तुम्हाला काय कळायला हवं, असं रोज विचारायचो. उत्तर रोज बदलायचं. छापून नेलं की बाबू म्हणत, "हे तं काल पाहिजे होतं."

एके सकाळी मालकही पायरीवर बसले आणि वाद पेटला. परतीच्या मालासाठी ट्रक दिल्लीत थांबवायचा, की इथली संत्री सडण्याआधी रिकामाच आणायचा? हे कधी ठरलंच नव्हतं. बहारात ट्रक थांबवायचा नाही, रिकामाच आणायचा, असं तेव्हा ठरलं.

बहार संपला. विकायचा विषय मालकांनी काढला नाही. मग मी गुरुजींना लिहिलं:

"साष्टांग नमस्कार. नोकरी टिकली. कॉम्प्युटर आता चहाआधी ट्रकच्या यादीचा कागद छापतो, बाबू त्यावर पेनाने दुरुस्त्या करतात, मी त्या कॉम्प्युटरमध्ये भरतो. ट्रक अजूनही रिकामे येतात, पण मालक रागावत नाहीत. मग सुधारलं काय? कोण शिकलं, बाबू, मालक की मी? मला नीट सांगता येत नाही. चपला अजून बाहेरच काढतो. दिवाळीत येईन, तेव्हा समजावून सांगावं."